एका ताग्यातली दिवाळी: घरातील सर्वांचे मेळाचे कपडे घरी शिवताना

दिवाळीत घरातील सर्वांनी एकमेकांशी मेळ खाणारे कपडे घालावेत आणि ते आपल्या हाताने शिवलेले असावेत, अशी इच्छा अनेकांच्या मनात असते. परंतु प्रत्यक्ष कामाला बसल्यावर कापड किती घ्यावे, आधी कोणाचे कापावे आणि नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री बटणे लावत बसण्याची वेळ कशी टाळावी, हे कोणी नीट सांगत नाही. मी गेली सात वर्षे आमच्या घरातील पाच जणांचे दिवाळीचे कपडे घरीच शिवते. सासूबाईंचे आणि माझे ब्लाऊज, यजमानांचा आणि मुलाचा झब्बा, आणि मुलीचे परकर-पोलके असा तो संच असतो. पहिली दोन वर्षे कापडही वाया गेले आणि रात्रीही गेल्या. त्यातून जी पद्धत बसत गेली ती येथे क्रमाने मांडते. तुम्हाला मशीनवर सरळ टीप मारता येते आणि उशीचा अभ्रा किंवा पिशवी तुम्ही शिवली आहे, एवढे मी गृहीत धरले आहे.

१. मेळ कशात साधायचा ते आधी ठरवा

नवशिके बहुधा एकच कापड आणून त्याचेच सर्वांचे कपडे शिवतात. तसे करू नका. पाच जण एकाच नक्षीत उभे राहिले की माणसे दिसत नाहीत, कापडच दिसते. शिवाय जे कापड परकराला शोभते ते मोठ्या माणसाच्या झब्ब्याला शोभतेच असे नाही. त्याऐवजी एक मुख्य कापड निवडा आणि ते प्रत्येकाच्या अंगावर वेगवेगळ्या प्रमाणात येऊ द्या. एकाचा पूर्ण परकर, दुसऱ्याचे ब्लाऊज, तिसऱ्याच्या झब्ब्याची फक्त गळपट्टी, अशी वाटणी केली की मेळ आपोआप बसतो.

माझी निवड खणाची असते आणि पुढचे सर्व उदाहरण खणाचेच आहे. अस्सल हातमागाचा खण कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. ज्या साडीला आपण इरकल म्हणतो तिचे इलकल हे गावही त्याच जिल्ह्यात आहे. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रात चोळीसाठी हे कापड वापरले गेले, ओटी भरतानाही खण-नारळच लागतो, आणि त्याची बारीक नक्षी लहान पट्टीतही उठून दिसते. मेळाच्या कपड्यांसाठी हा शेवटचा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. मोठ्या फुलांच्या कापडाची दीड इंची पट्टी कापली तर फुलाचा अर्धा तुकडा हाती येतो. खणाची पट्टी मात्र पूर्ण वाटते.

खणाच्या जोडीला दोन साधी, बिननक्षीची कापडे घ्यावीत. एक खणाच्या काठाच्या रंगाचे आणि दुसरे फिकट. आमच्याकडे मागच्या वर्षी जांभळा खण, मोरपिशी काठ, मुलीच्या पोलक्याला आणि मुलाच्या झब्ब्याला मोरपिशी सुती कापड, आणि यजमानांच्या झब्ब्याला बदामी रंगाचे सुती कापड होते.

एक गोष्ट आग्रहाने सांगते. लहान मुलांच्या दिवाळीच्या कपड्यांत जाळी, नायलॉन किंवा पॉलिएस्टरची झालर टाळा. ही मुले पणत्यांजवळ आणि फुलबाज्यांजवळ वावरणार असतात. कृत्रिम धाग्याचे कापड पेटले तर वितळते आणि कातडीला चिकटते. सुती कापडही पेटते, परंतु असे चिकटत नाही. बाहीच्या टोकाशी लोंबणारे काहीही नको.

२. तिथीप्रमाणे दिवस मागून पुढे मोजा

घटस्थापनेपासून लक्ष्मीपूजनापर्यंत बरोबर आश्विन महिना मिळतो, आणि पाच जणांच्या कपड्यांना, रोज दीड-दोन तास बसता येत असेल, तर तो पुरतो. खरेदी मात्र त्याआधी व्हायला हवी. अनेक घरांत पितृपक्षात नवे कापड आणत नाहीत. तुमच्याकडे तशी रीत असेल तर अनंत चतुर्दशीच्या आतच खरेदी उरका, कारण नवरात्र सुरू झाले की दुकानांत ताग्यांची निवड कमी होते आणि गर्दी वाढते.

मी पाळते तो क्रम असा. नवरात्राच्या पहिल्या चार दिवसांत कापड धुणे, मापे घेणे आणि कागदावर नमुने काढणे. अष्टमीपर्यंत सर्वांचे सर्व कापून तयार. खंडेनवमीला घरातील अवजारांबरोबर शिलाई मशीनचीही पूजा होते. तिच्या आदल्या दिवशी मशीन उघडून कचरा काढणे, तेल देणे, नवी सुई बसवणे ही कामे करून घेतली की पुढचे पंधरा दिवस मशीन त्रास देत नाही. दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत मुलांचे कपडे, त्यानंतरच्या आठ दिवसांत मोठ्यांचे, आणि वसुबारसेच्या आत हाताचे सर्व काम. धनत्रयोदशीपासून पुढे सुई हातात घ्यायची नाही, असा नियमच करा. फराळ, साफसफाई आणि शिवण एकत्र आले की चूक शिवणीतच होते.

३. लागणारे साहित्य

- शिलाई मशीन. पायाचे काळे, फक्त सरळ टीप मारणारे मशीनही पूर्ण पुरते.
- ११ आणि १४ नंबरच्या सुया, प्रत्येकी किमान तीन. पातळ सुती कापडाला ११, अस्तर लावलेल्या खणाला १४.
- बॉबिन किमान चार, म्हणजे प्रत्येक रंगाचा धागा भरून ठेवता येतो.
- कापडाची कात्री आणि कागदाची कात्री, दोन्ही वेगळ्या.
- इंचांची टेप, एक लांब पट्टी, खडू, टाचण्या, उसवण्याचे हत्यार.
- ब्राऊन पेपर किंवा जुनी वर्तमानपत्रे, नमुने काढण्यासाठी.
- इस्त्रीने चिकटणारा कॅनव्हास (पट्टीला ताठपणा देणारे जाड कापड), अर्धा मीटर.
- अस्तरासाठी पातळ सुती कापड. ब्लाऊजच्या दुकानात टू बाय टू म्हणून मिळते.
- हूक, बटणे, नाडा, पाऊण इंची इलॅस्टिक, जुळत्या रंगाचे धागे.

मुंबईत साध्या कापडासाठी मंगलदास मार्केट, लेस आणि बटणांसाठी भुलेश्वर, पुण्यात लक्ष्मी रस्ता आणि रविवार पेठ येथे हे सर्व मिळते. धागा निवडताना कापडाचा तुकडा सोबत न्या आणि रिळाचा एक पदर उलगडून कापडावर ठेवून पाहा. रिळावर गुंडाळलेला धागा गडद दिसतो. शिवल्यावर तो एक छटा फिकट पडतो.

४. मापे घ्या, पण अंगावरून कमी आणि कपड्यावरून जास्त

नवशिक्याने अंगावरून घेतलेल्या मापात एक-दीड इंचाची चूक सहज होते. म्हणून ज्याला जो कपडा नीट बसतो तो कपडा मागून घ्या, सपाट जमिनीवर पसरून टेपने मोजा, आणि अंगावरून फक्त छाती, कंबर आणि लांबी पडताळून घ्या. परगावी किंवा परदेशी राहणारे दीर, भाचे दिवाळीला येणार असतील तर त्यांच्याकडूनही हेच मागवावे: बसणाऱ्या झब्ब्याची छाती, खांदा, बाही आणि लांबी.

झब्ब्याला छातीच्या मापात सहा इंच सैलपणा धरा, पोलक्याला तीन ते चार इंच. मुलांची लांबी नवरात्रात घेतली तरी तळाची दुमड मात्र कोजागिरीनंतर, पुन्हा अंगावर घालून पाहूनच शिवावी. प्रत्येकाचे माप वेगळ्या कागदावर लिहा आणि त्यावर तारीख घाला. पुढच्या वर्षी याच कागदावरून मूल किती वाढले हे कळते आणि कापडाचा अंदाज करता येतो.

५. कापडाचा हिशेब

सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो, कारण दुकानदार कापड मीटरने देतो, शिवणीचे गणित इंचांत चालते, आणि घरातील वडीलधाऱ्या बायका अजूनही वारात सांगतात. १ मीटर म्हणजे ३९.३७ इंच, आणि १ वार म्हणजे ३६ इंच. पाच मीटर आणि पाच वार यांत जवळपास १७ इंचांचा फरक पडतो, म्हणजे मुलाच्या झब्ब्याच्या दोन्ही बाह्या जवळजवळ त्यात निघतात. सर्व हिशेब इंचांत करा आणि शेवटी एकदाच मीटरमध्ये बदला.

दुसरी गोष्ट पन्ह्याची, म्हणजे कापडाच्या रुंदीची. सुती कापड ३६, ४४ किंवा ५८ इंची पन्ह्यात मिळते आणि हातमागाच्या खणाचा पन्हा यंत्रमागावरच्या खणापेक्षा अरुंद असू शकतो. ताग्यावरच्या चिठ्ठीवर विसंबू नका, दुकानातच टेप लावून मोजा. पन्हा बदलला की सारे गणित बदलते.

सहा वर्षांच्या मुलीच्या परकराचे उदाहरण घेऊ. तयार लांबी २७ इंच, नेफ्याला २, तळाच्या दुमडीला ३ आणि वाढीच्या टकाला (पुढच्या वर्षी उसवून लांबी वाढवता येते अशी आतली दुमड) ३ असे धरले की एका पट्ट्याची लांबी ३५ इंच होते. ४४ इंची पन्ह्याचे असे दोन पट्टे जोडले की घेर ८८ इंच, म्हणजे कमरेच्या सुमारे चौपट मिळतो, आणि त्याला ७० इंच, म्हणजे पावणेदोन मीटरपेक्षा थोडे जास्त कापड लागते. आक्रसण्याची शक्यता धरून दोन मीटर घ्यावे. हाच खण ३२ इंची पन्ह्याचा निघाला तर तीन पट्टे लागतात, म्हणजे १०५ इंच, आणि मग पावणेतीन मीटरही काठावरच पुरते.

झब्ब्याचे गणित वेगळे आहे. छाती ४० इंच असेल तर सहा इंच सैलपणा धरून घेर ४६ होतो. पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी २३ इंच आणि शिवणीची माया, म्हणजे शिवणीत जाणारे जादा कापड, धरून २५ इंच. ४४ इंची पन्ह्यात हे दोन भाग शेजारी-शेजारी बसत नाहीत, म्हणून दोन लांब्या घ्याव्या लागतात. ३८ इंची झब्ब्याला तळ आणि खांद्याची माया धरून ४१ इंच, म्हणजे एकूण ८२ इंच. बाजूला जी १९ इंची पट्टी उरते तिच्यात दोन्ही बाह्या निघतात. अडीच मीटरमध्ये हा झब्बा निर्धास्त होतो. ५८ इंची पन्हा मिळाला तर दोन मीटर पुरते. दहा वर्षांच्या मुलाच्या झब्ब्याचे दोन्ही भाग मात्र ४४ इंची पन्ह्यात शेजारी बसतात, त्यामुळे तेथे दीड मीटरमध्ये काम भागते. पोलक्याला पाऊण मीटर लागते.

ब्लाऊजना प्रत्येकी एक मीटर आणि झब्ब्यांच्या पट्ट्यांना अर्धा मीटर धरला की खणाची बेरीज साडेचार मीटर होते. मी पाच मीटर घेते. हे पाचही मीटर एकाच ताग्यातून, एकाच वेळी कापून घ्या. "उद्या या, हाच रंग येईल" असे दुकानात कोणी कितीही खात्रीने सांगितले तरी दुसऱ्या ताग्याचा रंग किंचित वेगळा असतो, आणि दुकानाच्या दिव्यात न दिसलेला हा फरक अंगणात, सर्व जण शेजारी उभे राहिल्यावर स्पष्ट दिसतो.

६. कात्रीआधी पाणी आणि इस्त्री

सर्व सुती कापड आणि विशेषतः अस्तर रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून, किंचित दमट असतानाच इस्त्री करा. अस्तर न भिजवता लावले तर पहिल्या धुण्यात ते आक्रसते आणि वरचा खण सुरकुततो; मग कितीही इस्त्री केली तरी तो सपाट होत नाही. खणात रेशीम असेल, किंवा दुकानदाराने तो फक्त ड्रायक्लीन करायला सांगितला असेल, तर तो भिजवू नये. उलट बाजूने, वर दमट सुती फडके ठेवून, मध्यम इस्त्री फिरवावी.

त्यानंतर रंगाची परीक्षा घ्या. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ओला करा, खणाच्या कोपऱ्यावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री काही सेकंद दाबा. तुकड्यावर रंग उतरला तर तो खण पांढऱ्या किंवा फिकट कापडाला जोडू नये. दुसऱ्या वर्षी मी ही परीक्षा केली नव्हती. यजमानांच्या पांढऱ्या झब्ब्याला डाळिंबी खणाची पट्टी लावली; भाऊबीज झाल्यावर झब्बा पहिल्यांदा धुतला आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना गुलाबी ओघळ उतरले. ते डाग अखेरपर्यंत गेले नाहीत. तेव्हापासून फिकट झब्ब्याच्या पट्टीसाठी परीक्षेत रंग न सोडणाराच खण वापरते, आणि तरीही शुभ्र पांढरा टाळून बदामी किंवा मोतिया रंग घेते.

७. सर्वांचे कापणे एकाच बैठकीत

एकाचे कापून, शिवून, मग दुसऱ्याचे कापायचे, ही पद्धत सोयीची वाटते, परंतु त्यात शेवटच्या माणसाला कापड कमी पडते. सर्व कागदी नमुने आधी कापडावर मांडा, टाचण्या लावा, आणि सर्व बसते आहे याची खात्री झाल्यावरच कात्री चालवा. खणावर आधी परकराचे पट्टे, मग ब्लाऊज, आणि शेवटी झब्ब्याच्या पट्ट्या मांडाव्यात.

खणाच्या बाबतीत एक सूक्ष्म गोष्ट आहे. पुष्कळ खणांत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. म्हणूनच तो हलवला की रंग बदलल्यासारखा वाटतो. त्यामुळे एखादा तुकडा उभा आणि दुसरा आडवा कापला तर एकाच ताग्यातले असूनही ते दोन वेगळ्या रंगांचे दिसतात. मी एकदा कापड वाचवण्यासाठी मुलाच्या झब्ब्याची गळपट्टी आडवी कापली. दिवसा काही जाणवले नाही. संध्याकाळी पणत्यांच्या उजेडात त्याच्या गळ्याची पट्टी लालसर आणि बहिणीचा परकर निळसर दिसू लागला. म्हणून खडूने प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला उभ्या धाग्याच्या दिशेने बाण काढा. जे तुकडे अंगावर उभे येणार ते उभेच कापा. आडव्या कापडातून लांब पट्टी निघते म्हणून मोह होतो, तो आवरावा.

खणाचे धागेही लवकर सुटतात. सुती कापडाला अर्धा इंच माया पुरते, खणाला पाऊण ते एक इंच ठेवा आणि तुकडा कापल्याबरोबर कडा इंटरलॉक करून घ्या. घरी सोय नसेल तर पिको-फॉलच्या दुकानात सर्व तुकडे एकत्र नेले की एका फेरीत काम होते. नेण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावर नावाची चिठ्ठी टाचा.

८. शिवण्याचा क्रम

आधी परकर शिवा, कारण त्यात फक्त सरळ टिपा आहेत आणि हात बसतो. शिवण्यापूर्वी त्याच कापडाच्या कातरणावर टीप मारून पाहा. इंचात दहा-बारा टाके पडावेत. टिपेच्या खालच्या बाजूला धाग्याचे फास दिसत असतील तर बहुतेक वेळा दोष खालच्या बॉबिनचा नसून वरचा धागा नीट ओवलेला नसतो. तो पूर्ण काढून पुन्हा ओवा. सरावासाठी वेगळे कापड आणण्याची गरज नाही. प्रत्येक घरात ओटीतून आलेले ब्लाऊजपीस पडून असतात, ते त्यासाठी उत्तम.

परकराचे दोन पट्टे बाजूंनी जोडा, एका बाजूला वरून पाच इंच फट सोडा आणि तिच्या कडा दुमडून शिवा. त्यानंतर तळ दुमडण्याआधी वाढीचा टक घाला. तळापासून पाच इंच वर, सर्व घेरभर, कापड आतल्या बाजूला दीड इंच चिमटीत धरून दुमडा आणि दुमडीपासून दीड इंचावर मोठ्या टाक्यांची टीप मारा. अशा तऱ्हेने तीन इंच लांबी आत लपते, आणि टाके मोठे असल्यामुळे पुढच्या वर्षी ते सहज उसवता येतात. माझ्या आजीच्या हाताचे परकर असे दोन-दोन टक घातलेले असत आणि एकेक परकर तीन दिवाळ्या टिकत असे. नेफ्यात पुढच्या बाजूला नाडा आणि मागच्या अर्ध्या भागात इलॅस्टिक घातले की खेळताना परकर घसरत नाही. नाड्याची टोके चार इंचांहून जास्त लोंबू देऊ नयेत.

खणाच्या परकराला अस्तर लावावेच. नक्षीचे सुटे धागे उलट बाजूला असतात. त्यांत मुलीच्या पायातील पैंजण अडकते आणि धागा ओढला गेला की समोरची नक्षी आक्रसते. अस्तराचा घेर कमी ठेवला तरी चालतो, ५० इंच पुरेसा होतो. त्याचा तळ परकरापेक्षा दीड इंच वर ठेवा.

पोलक्याला गळ्याशी दोऱ्या लावू नका. लहान मुलीच्या मानेभोवतीची दोरी धावताना कशातही अडकू शकते. पाठीमागे हूक किंवा पुढे बटणे पुरतात. बाहीच्या कडेला खणाची एक इंची पट्टी लावली की पोलके परकराशी जुळते.

यानंतर झब्बा. त्यातील बाकीचे सर्व सोपे आहे. अवघड आहे ती गळ्याखालची पट्टी, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. पुढच्या भागाच्या बरोबर मध्यावर, गळ्यापासून खाली, १ इंच रुंद आणि १० इंच लांब चौकट खडूने आखा. मुलासाठी ८ इंच. चौकटीच्या मागे कॅनव्हास इस्त्रीने चिकटवा. खणाच्या ३ इंच रुंद आणि १२ इंच लांब दोन पट्ट्या उभ्या कापा, उभ्या मध्यावर दुमडून इस्त्री करा. आता चौकटीच्या मध्यरेषेवर वरून खाली कापत या, तळापासून अर्धा इंच वर थांबा, आणि तेथून दोन्ही खालच्या कोपऱ्यांकडे तिरपे कापा. कोपरा गाठण्यापूर्वी दोन धागे शिल्लक राहू द्या. कात्री कोपऱ्याच्या पुढे गेली तर तेथे कायमचे भोक राहते, आणि खूप आधी थांबली तर पट्टी उलटल्यावर चुणी पडते. हे दोन धागे मोजताना मी अजूनही मशीनचा दिवा जवळ ओढते आणि कात्रीचे फक्त टोक वापरते.

दुमडलेल्या पट्टीच्या उघड्या कडा चौकटीच्या एका उभ्या कडेला अर्ध्या इंचावर शिवा आणि टीप अगदी कोपऱ्यात थांबवा. दुसरी पट्टी दुसऱ्या बाजूला तशीच. दोन्ही पट्ट्या आत वळवल्या की त्या एकमेकींवर बरोबर बसतात. पुरुषांच्या कपड्यात घालणाऱ्याच्या डाव्या बाजूची पट्टी वर येते आणि तिच्यावर काज असतात, हे विसरू नका. तळाशी उरलेला लहान त्रिकोण आणि पट्ट्यांची टोके आतल्या बाजूने एकत्र धरून आडवी टीप मारा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि तीच टीप पुन्हा एकदा. ही आडवी टीप तिरकी गेली तर सर्व पट्टी वाकडी दिसते, म्हणून ती मशीनचे चाक हाताने फिरवून शिवावी. पहिल्या झब्ब्याआधी ओटीच्या ब्लाऊजपीसवर अशा किमान तीन पट्ट्या करून पाहा.

पट्टी झाल्यावर खांदे जोडा, उभी कॉलर लावा, बाह्या सपाट असतानाच बसवा, आणि मग बाहीच्या टोकापासून बाजूच्या फटीपर्यंत एकच टीप मारा. खिसा विसरला जातो. तो बाजूच्या शिवणीतच बसवायचा असल्याने आधीच तयार ठेवा.

राहिले ब्लाऊज. माझे स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षी ब्लाऊज स्वतः शिवू नये. त्याचे टक, मुंडा (बाही जोडण्याची जागा) आणि गळा यांत अर्ध्या इंचाची चूकही जाणवते आणि खण एकदा उसवला की त्यावर सुईच्या भोकांची रेघ राहते. खणाचे तुकडे आणि भिजवलेले अस्तर दसऱ्याच्या आधीच तुमच्या नेहमीच्या शिंप्याकडे द्या. दसऱ्यानंतर बहुतेक जण नवे काम घेत नाहीत. स्वतःच शिवायचे असेल तर कटोरीच्या (छातीशी वाटीच्या आकाराचे तुकडे जोडलेल्या) ब्लाऊजच्या वाटेला न जाता साधे चार टकांचे ब्लाऊज करा आणि जुने, नीट बसणारे ब्लाऊज पूर्ण उसवून त्याचे तुकडे नमुना म्हणून वापरा. सासूबाईंसाठी मी अशाच उसवलेल्या ब्लाऊजचा नमुना जाड कागदावर काढून ठेवला आहे आणि सात वर्षांत त्यात फक्त बाहीची लांबी बदलली आहे.

९. घालून पाहणे आणि हाताचे काम

मोठ्यांचे कपडे शिवून झाल्यावर, वसुबारसेच्या आधी एक दिवस ठरवून सर्वांना कपडे एकाच वेळी घालायला लावा आणि शेजारी उभे करा. एकेकाचे वेगळे पाहिले तर लांबीतील तफावत कळत नाही. मुलांना हात वर करायला, खाली बसायला, पळायला सांगा. झब्बा काखेत ओढतो का, परकर चालताना पायात येतो का, हे उभे राहून कळत नाही. मग तळाच्या दुमडी शिवा. परकराची दुमड हाताने, धागा समोर दिसणार नाही अशी घाला.

काज घरी करणे वेळखाऊ आहे. पाच-सहा काजांसाठी काज-बटणाच्या दुकानात जाणे योग्य, परंतु खणाच्या पट्टीवर काज करायला देताना कॅनव्हास लावलेला तुकडा नमुन्यासाठी सोबत द्या. मशीनचा ताण कमी-जास्त झाला तर खण खेचला जातो. बटणे मात्र हातानेच, दुहेरी धाग्याने लावा. शेवटी प्रत्येक कपडा उलटा करून त्यातील टाचण्या शोधा. मी सुरुवातीला टाचण्या मोजून घेते आणि शेवटी पुन्हा मोजते; पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर झोपेत असलेल्या मुलाला झब्बा घालताना टाचणी टोचणे हे कोणत्याही आईला नको असते.

दिवाळीनंतर खणाचे कपडे सुती कापडात गुंडाळून ठेवावेत, प्लास्टिकच्या पिशवीत नव्हे. त्यांच्याबरोबर मापांचे कागद, वापरलेल्या धाग्याचे उरलेले रीळ आणि खणाचा शिल्लक अर्धा मीटर ठेवा. पुढच्या वर्षी परकराचा टक उसवला की दुमडीच्या जागी फिकट रेघ उमटलेली दिसते. अर्ध्या मीटरमधून पूर्ण पन्ह्याच्या, अडीच इंच रुंदीच्या दोन पट्ट्या आडव्या कापल्या की त्या जोडून ८८ इंची घेर पुरा होतो, आणि परकराच्या अंगावर त्या लावल्यावर त्यांतला उभा धागा परकराच्या धाग्याशी समांतर येत असल्याने रंगही जुळतो. ती पट्टी त्या रेघेवर बसवून टाका.